पुण्य कसं किलो?

"कोपऱ्यावरच्या सुनेनं दिलेलं वाण उघडून बघितलंस का गं?" काकूंनी मेंदीच्या कुंपणावरून मान उंचावली.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं उरकायची आमच्या विश्रामबागेत घाई असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा जमाखर्च मांडायची त्याहून जास्त. सांगलीतल्या बाकीच्या भागांत तो कुठं मांडतात ठाऊक नाही, आमच्याकडं कुंपणावर.

"बघितलं की. बांबूचा ब्रश आणि कापडी पिशवी."

"पिशवीवर काय लिहिलंय वाचलंस? मी नातवाकडनं वाचून घेतलं. 'मी पृथ्वी वाचवते आहे.' आता ती खांद्याला अडकवून मंडईत उभी राहिले तर भाजीवाली म्हणेल, काकू, पृथ्वी राहू दे, आधी मागच्या आठवड्याचे वीस रुपये द्या."

"पण काकू, प्लास्टिकचे डबे नि चाळण्या लुटण्यापेक्षा हे बरंच ना?"

"बरंच की. मी कुठं नाही म्हणतेय? पण मागच्या वर्षी पलीकडच्या वहिनींनी पिशवी, त्याच्या आधी वरच्या गल्लीतल्या आजींनी पिशवी, परवा बँकेनं नवी शाखा काढली तर तिथंही पिशवी. पिशव्या ठेवायला आता मी एक मोठी पिशवी शिवलीय."

मी मुकाट ऐकायला हवं होतं, पण इतिहास शिकवण्यात जन्म गेला. आकडा आठवला की जीभ वळवळते. "डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये याचा हिशेब काढला होता. कापसाचं पाणी, मशागत, सूतगिरणी, सगळं धरलं तर सेंद्रिय कापसाची एक पिशवी साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला २०,००० वेळा वापरावी लागते."

"वीस हजार?"

"रोज एकदा म्हटलं तरी जवळपास ५५ वर्षं."

"म्हणजे माझ्यामागं सुनेनं, सुनेमागं नातसुनेनं! पिशवी आहे का पाटल्या?"

"नुसत्या हवामानापुरतं बघितलं तर आकडा दीडशेच्या आसपास येतो. शिवाय गटारात तुंबणारी नि गाईच्या पोटात जाणारी पिशवी त्यांच्या हिशेबात नाहीच. म्हणून आपल्याकडं २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली ती काही चूक नव्हे. आहे ती पिशवी फाटेपर्यंत वापरली तर पृथ्वीचा फायदा, दर संक्रांतीला नवी घेतली तर दुकानदाराचा."

"आणि मॉलमध्ये दहा रुपये घेऊन ती मऊ मऊ पिशवी देतात ती?"

"ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते. म्हणजे प्लास्टिकच, कापडाचं सोंग घेतलेलं."

"घ्या!" काकूंनी कुंपणावरचं एक वाळकं पान खुडलं. "आणि मी ती धुऊन इस्त्री करून ठेवलीय."

पिशवीचा विषय तिथं संपला असता, पण काकूंना खरं बोलायचं होतं तिळगुळाबद्दल. कोपऱ्यावरच्या सुनेनं तिळाची वडी हातावर ठेवताना प्रत्येकीला सांगितलं होतं, "गूळ सेंद्रिय आहे हं. एकशे ऐंशी रुपये किलो."

"वडी घशाखाली उतरायच्या आत भाव उतरवला तिनं," काकू म्हणाल्या. "आणि गूळ कसला, तर काळा! आमच्या लहानपणी काळा गूळ जनावराला घालायचे. माणसाला पिवळाधमक लागायचा."

"तो पिवळाधमक करायला गुऱ्हाळात हायड्रॉस टाकत होते ना पण?"

"टाकत होते की. गिऱ्हाईकच रंग बघून भाव करायचं, तर गुळव्या काय करणार? नाहीतर काहिलीत रस चढवायचा, भेंडीची चिकट टाकायची, मळी वर आली की काढायची, चुलवाणात चिपाडं सारत राहायची, एवढ्यावर गूळ होतोच. आता उलटं झालं. रंग जितका काळा तितका माणूस चांगला. तिचं काही चुकलं नाही म्हणा. औषध नसलेला गूळ खाल्ला तर पोटाला बरंच. मला खटकलं ते वेगळंच."

"काय?"

काकूंनी रस्त्यावर कुणी नाही हे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. ही खूण मला पाठ आहे. आता खरी बातमी येणार.

"धुणंभांडीवाल्या मावशींचा खाडा धरते गं ती. पोरगं तापानं फणफणलं म्हणून मावशी दोन दिवस आल्या नाहीत, तर दोन दिवसांचे पैसे कापले. ब्रश बांबूचा, गूळ एकशे ऐंशीचा, आणि खाडा मावशींचा! सासऱ्याच्या वळणावर गेली. त्यांनी मार्केट यार्डात अडत दुकानात जन्मभर काटा मारला आणि आता दर पौर्णिमेला औदुंबरला अन्नदान करतात. पुण्य विकत घ्यायची सवय त्या घराला जुनीच. फक्त सासरा देवळात घेतो नि सून मोबाइलवर मागवते."

"असं सरसकट म्हणू नका, काकू. चांगल्या वस्तू घेणारी माणसं मागनं जास्त लबाडी करतात, असा एक प्रयोग २०१० मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी छापला होता. फार गाजला. पुढं दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तर तसं काही दिसलं नाही. गूळ घेतल्यानं माणूस बिघडत नाही."

"बिघडत नसेल. पण सुधारतो असं कुणी दाखवलंय का?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी घरात जाऊन त्याच गुळाचं पाकीट घेऊन आले. हळदीकुंकवाला आलेल्या दोघी-तिघींनी दुसऱ्या दिवशी तो मागवला होता, त्यांत मीही होते. पाकिटावरचं मोठ्यानं वाचलं. रासायनिक खत नाही. कीटकनाशक नाही. हायड्रॉस नाही. गंधक नाही. परंपरागत पद्धत. शुद्ध. सात्त्विक.

"काय काय नाही ते सगळं लिहिलंय," काकू म्हणाल्या. "ऊस कुणी तोडला ते?"

मी पाकीट उलटं करून पाहिलं. ते नव्हतं.

"तणनाशक नाही म्हणजे भांगलण आली. भांगलायला बायकाच वाकणार, आणि बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी, हे तर सगळ्या शिवाराला ठाऊक. म्हणजे औषध गेलं ते बाईच्या कमरेवर आलं. तिला काय मिळालं, ते लिहायला पाकिटावर जागा नसते. सात्त्विक लिहायला असते."

काकूंना हे माहीत असण्याचं कारण आहे. काका कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होते. कुणाच्या फडाला कधी तोड द्यायची, कुठली टोळी कुठं धाडायची, गाडीला चिठ्ठी कधी फाडायची, यात त्यांची नोकरी गेली. कारखान्याच्या कॉलनीत काकूंच्या मागच्या खिडकीसमोरच टोळ्यांचा तळ पडायचा.

"दसऱ्याच्या पुढं मागं बीडकडनं ट्रक यायचे," काकू सांगू लागल्या. "आपल्या जतकडचेही असायचे. मुकादमाकडनं उचल घेतलेली असायची, ती फेडायला नवरा-बायकोनं मिळून कोयता धरायचा. चटया नि प्लास्टिकच्या खोपी. पहाटे तीनला बाई उठून भाकऱ्या थापायची, उजाडायच्या आत फडात. गडी तोडणार, ही पाचट सोलणार, मोळ्या बांधणार, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं गाडीत चढणार. रात्री गाडी आली तर रात्री भरायची. नळ नाही, संडास नाही. पाळी आली तरी फड सुटत नाही, पोट पुढं आलं तरी सुटत नाही. एक दिवस घरी बसलं की खाडा. तो दंड उचलीत चढायचा. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा याच खोपीत."

"बीडच्या त्या ऑपरेशनांचं मूळ तिथंच ना?"

"दुसरं काय? पाळीच नको, खाडाच नको. डॉक्टरला आयतंच गिऱ्हाईक."

२०१९ मध्ये हा प्रकार गाजला तेव्हा सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सहांतली एक. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात हे ऑपरेशन करायचं नाही, असा नियम बीडमध्ये झाला. २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं याच फडांवर मोठा वृत्तान्त छापला. जगभर शीतपेयं विकणाऱ्या कंपन्यांना इथनं साखर जाते, आणि पुरवठादारांनी कसं वागावं याचे छापील नियम त्या कंपन्यांकडं आहेत. नियम कार्यालयात होते, बायका फडात होत्या.

"कॉलनीतल्या आम्ही बायका जुनी लुगडी द्यायचो," काकू म्हणाल्या. "संक्रांतीला तिळगूळ पण द्यायचो त्यांच्या पोरांना. मग आम्हाला रात्री झोप लागायची. त्यांना लागत होती का, ते कुणी विचारलं?"

"मग आता काय, साखर सोडायची?" मी म्हटलं. "तसं करून बघितलंय लोकांनी. इंग्लंडात."

"इंग्रजांनी? चहात साखर न घालता?"

"तर! वेस्ट इंडीजच्या बेटांवर आफ्रिकेतनं पकडून नेलेले गुलाम ऊस पिकवायचे. गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव १७९१ मध्ये पार्लमेंटनं फेटाळला. तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या माणसानं पत्रक काढलं. त्यात काकांसारखा हिशेब होता. आठवड्याला पाच पौंड साखर नि त्या प्रमाणात रम लागणाऱ्या कुटुंबानं २१ महिने दोन्ही सोडलं, तर एक माणूस गुलामीतनं किंवा मरणातनं वाचेल. त्या काळचा अंदाज असा की तीन लाख माणसांनी साखर सोडली."

"बायकांनीच सोडली असणार. चहाचं आधण त्यांच्याच हातात."

"बायका पुढं होत्याच. पण सगळ्यांना अगोड चहा कुठला जमायला? मग दुकानदारांनी वाट काढली. सोनेरी अक्षरांत लिहिलेली साखरेची भांडी आली बाजारात. 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली.' पाहुण्यांसमोर ते भांडं ठेवायचं."

"भाव पण सांगत असतील. वडी हातावर ठेवताना." काकू खदखदून हसल्या, आणि एकदम थांबल्या. "थांब. ईस्ट इंडियाची म्हणजे आपली?"

"आपल्या देशातली. बंगालकडची बरीचशी."

"आणि इथं ती कोण पिकवत होतं, त्याला काय मिळत होतं, हे त्या भांड्यावर लिहिलं होतं का?"

"नव्हतं. कंपनीच्या मुलखातही गुलाम होते. त्या गुलामीचा कायद्यातला आधार कंपनी सरकारनं काढून घेतला तो १८४३ मध्ये."

"म्हणजे तेव्हापासनं हेच. एका बाईचं रक्त नको म्हणून दुसरीचं घ्यायचं, आणि वर नक्षीदार भांडं."

"त्या लोकांच्या बाजूनंही एक बोलू द्या मला. ते भांड्यावर थांबले नाहीत. १७९२ मध्ये पार्लमेंटकडं ५१९ अर्ज गेले, गावोगावचे, लाखो सह्यांचे. साखर सोडणाऱ्या घरांतूनच ही सह्यांची माणसं निघाली. व्यापार बंद झाला १८०७ मध्ये, आणि साम्राज्यातली गुलामी मोडायचा कायदा आला १८३३ मध्ये. नुसत्या फिक्या चहानं ते झालं नाही. पण चहा फिका लागला म्हणून सही करायची आठवण राहिली, असं म्हणता येईल."

इतका वेळ ओट्यावर पेपरात तोंड घालून बसलेले काका बोलले. "टनाला तीनशे सहासष्ट."

"काय?"

"तोडणीचा दर. संप-बिंप झाले, बैठका झाल्या, तेव्हा २०२४ च्या जानेवारीत चौतीस टक्के वाढवून ३६६ केला. एका टनात साखर निघते शंभर ते एकशेदहा किलो. भागून बघा."

मी मनातल्या मनात भागायला लागले, तोवर चिटबॉयचं उत्तर आलंसुद्धा. "किलोला साडेतीन रुपये. गडी आणि बाई, दोघांचे मिळून."

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना जरा वेळ कुणी बोललं नाही. मग काकूंनी हिशेब पुढं नेला. "म्हणजे त्यांची मजुरी दुप्पट केली, तरी साखर साडेतीन रुपयांनीच महागणार?"

"तेवढीच."

"आणि ही पोरगी गुळाला शंभराची नोट जादा देते."

"देऊ दे की," काका म्हणाले. "पण ती नोट फडापर्यंत जाते, असं त्या पाकिटावर कुठं लिहिलंय?"

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म या एका बेरजेत आहे. आपण जादा पैसे द्यायला तयार असतो; ते देण्याची खिडकी मात्र फक्त दुकानात उघडी असते, आणि दुकानात ते पैसे आपल्या समाधानासाठी घेतले जातात. ज्या बाईसाठी जीव कळवळतो, तिच्या उचलीच्या वहीत त्यातलं काही जमा होत नाही. तिची मजुरी ठरते मुकादम, कारखाने, संघटना आणि सरकार यांच्या बैठकीत. तिथं गिऱ्हाईक म्हणून आपल्याला खुर्ची नसते.

"पण आपल्याला आहे की खुर्ची," मी म्हटलं. "काका, तुम्ही सभासद आहात ना कारखान्याचे?"

"आहे तर. वडिलांपासनं शेअर आहे. दिवाळीला सवलतीची साखर कुठनं येते मग?"

"वार्षिक सभेला जाता?"

"जातो की. सभासदांचे प्रश्न येतात. उसाला दर किती देणार, साखर वाढवून द्या, वजनकाट्याचं काय. मग ठराव वाचतात, 'मंजूर, मंजूर' होतं, नि जेवण."

"तळावर संडास किती, हा प्रश्न कधी आला?"

काकांनी पेपरची घडी घातली. "पंचवीस-तीस सभा बघितल्या असतील. नाही आला."

नेमकी त्याच वेळी कोपऱ्यावरची सून गल्लीत शिरली. खांद्याला पृथ्वी वाचवणारी पिशवी. काकू काही पोटात ठेवणाऱ्यांतल्या नव्हेत. "ये गं, तुझ्याच गुळाचं चाललंय," म्हणून त्यांनी तिला कुंपणाशी उभं केलं आणि साडेतीन रुपयांपासून बीडपर्यंत सगळं ऐकवलं. पोरीचा चेहरा उतरला.

"मग काकू, मी तो गूळ बंद करू का?"

"कशाला बंद करतेस? चांगला आहे. खा की. फक्त गूळ म्हणून खा, पुण्य म्हणून खाऊ नको."

"पण मी एकटी करणार तरी काय? मला काय कारखाना चालवता येतो?"

"कारखाना मोठा झाला. तुझ्या घरात एक बाई रोज येते. पहिल्यांदा तिचा खाडा बंद कर. महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी दे. ते कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि त्याच्यावर लेबलही लागत नाही."

पोरगी लाल झाली. रागावली असावी असं मला वाटलं. "बघते," एवढं म्हणून ती गेली.

"आता पुढच्या संक्रांतीला आपल्याला बोलावणं नाही," मी म्हटलं.

"नसू दे. पिशव्या पुष्कळ आहेत."

त्यानंतर विषय मिरच्यांच्या लोणच्याकडं वळला, त्यात तुम्हाला रस नसेल. पण आमच्या भागात हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच घरांत कारखान्याचा शेअर आहे, म्हणून काकांनी कागदावर उतरवून दिलेले प्रश्न इथं देते. तळावर पाण्याचा नळ आणि बायकांसाठी संडास-न्हाणी आहे का? करारात बाईचं नाव वेगळं लिहिता का, आणि तिचे पैसे तिच्या खात्यावर जमा करता का? ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला कारखान्यानं टनामागे १० रुपये द्यायचे आहेत, ते भरले का? टोळीबरोबर आलेल्या पोरांची शाळा कुठं भरते? आजारी बाईचा खाडा कोण धरतं, नि कुठल्या नियमानं?

सभेची नोटीस साधारण सप्टेंबरच्या सुमारास घरी येते. बहुतेक घरांत ती सवलतीच्या साखरेचा आकडा पाहून बाजूला ठेवली जाते. यंदा ती घेऊन सभेला जा, आणि 'मंजूर' म्हणण्याआधी यातला एक प्रश्न उभं राहून विचारा. गूळ कुठला खायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.